रिकामी तोफ आणि कानातला रातकिडा

गडावरची दुपारची तोफ सटवाजी गोलंदाज उडवी. तीस वर्षं त्या धडाक्याशेजारी उभं राहून त्याच्या कानात एक रातकिडा घर करून बसला होता. तो सदानकदा किरकिरे. बायको गेली, तेव्हा तिचे शेवटचे शब्दही त्या किरकिरीत बुडाले. उरलेसुरले कान सांभाळायला सटवाजी मेणकापसाचे बोळे घाली आणि लग्नाच्या ढोलताशांपासून लांब, बुरुजावर एकटाच बसे.

नवे किल्लेदार हैबतराव आले आणि भर सदरेवर गरजले, "तोफेला भिणारा गोलंदाज? तुझा तो रातकिडा आम्हाला नाही ऐकू येत! बोळे फेक, नाहीतर घरी बस."

"फेकतो, सरकार," सटवाजी म्हणाला. "फक्त उद्या आपण शेजारी उभं राहावं. धनी जवळ असले की धीर येतो."

दुसऱ्या दिवशी सटवाजीने सगळ्यांदेखत बोळे काढून तोफेच्या गाड्यावर ठेवले. हैबतराव मिशीला पीळ देत शेजारी उभे राहिले. पेटती बत्ती तोफेला लागायच्या आतच त्यांनी डोळे मिटून दोन्ही कानांत बोटं खुपसली.

बत्ती लागली. काहीच झालं नाही. किल्लेदारांनी हळूच बोटं काढली.

"तोफेत दारू भरलीच नव्हती, सरकार. न झालेल्या आवाजाला आपण कान झाकलेत. मी तर तीस वर्षं झालेल्या आवाजाला झाकतोय."

ओशाळलेल्या हैबतरावांनी स्वतःच्या हाताने बोळे उचलून त्याला दिले. माणसं पोट धरधरून हसली. सटवाजीला ती हसताना दिसली. ऐकू मात्र रातकिडाच येत होता.