राजेसाहेबांचा विलायती पट्टा

"हा पट्टा विलायती नाही, सरकार," येसबा घड्याळजी बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. पण तोवर उशीर झाला होता.

खडकसरच्या राजेसाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. त्यांच्या घड्याळाचा चामडी पट्टा घामाने कुजला, म्हणून गुलाबराव दलालाने त्यांना हा चकचकीत धातूचा पट्टा मुंबईहून आणून दिला होता. बक्कलावर विलायतेचा शिक्का होता. तो पट्टा मनगटावरचे केस ओढायचा, उजव्या बाजूचे तर सगळे उपटून झाले होते. पण राजेसाहेब म्हणायचे, "विलायती वस्तू अशीच घट्ट धरते!" येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी तो दाखवला होता. दोन कड्या कमी करायच्या म्हणून येसबाला बोलावलं, तर हा म्हातारा असं बोलतो!

"कशावरून?" राजेसाहेब गरजले.

"वजनावरून, सरकार. चांगल्या पट्ट्याच्या कड्या भरीव असतात. ही नुसती पत्र्याची घडी आहे. आत पोकळ."

गुलाबराव हसला. "घड्याळ ज्या कारखान्यातलं, त्याच कारखान्यातला पट्टा आहे, सरकार! हत्ती बांधा, तरी हलणार नाही!"

राजेसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "येसबा, तू म्हणतोस हा विलायती नाही. मग कुठला? उद्या दुपारपर्यंत या पट्ट्याने स्वतःच्या तोंडाने आपलं गाव सांगितलं पाहिजे. तुझा हात लागायचा नाही, हत्यार लागायचं नाही. नाही सांगितलं, तर तुझी पेटी उचल आणि हद्दीबाहेर हो!"

येसबा घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. चाळीस वर्षं त्याने या गावाची घड्याळं दुरुस्त केली होती. आता या वयात दुसरं गाव कुठे शोधायचं?

"बाबा, आधी भाकरी खा," त्याची लेक चिमा म्हणाली. डोळ्यांना भिंग लावून बारीक खिळी बसवायचं काम आता तीच करायची. "आणि मला सांगा, तुम्ही पट्टा हातात घेतला तेव्हा काय काय दिसलं?"

"काय दिसणार, बाय? पोकळ कड्या. एका घडीच्या फटीत जरासा पिवळा रंग."

"पिवळा?"

"पिवळा. हळदीसारखा."

चिमाने भाकरीचं ताट बाबांपुढे सरकवलं. मग दारातल्या ढवळी शेळीकडे बघून हसली. "उद्या तुम्ही घरीच थांबा. आम्ही दोघी जातो."

दुसऱ्या दिवशी दरबारात शेळी आलेली पाहून शिपायांची तोंडं उघडीच राहिली.

"हे काय?" राजेसाहेब ओरडले. "घड्याळजीच्या बदली शेळी?"

"सरकार, मी पट्ट्याला हात लावणार नाही," चिमा म्हणाली. "गुलाबराव म्हणाले, याला हत्ती बांधा. हत्तीला कशाला त्रास? आमची शेळी बांधून दाखवू द्या त्यांना."

"अगं, बांधतो की!" गुलाबराव पुढे झाला. "शेळीने काय होतंय?" त्याने राजेसाहेबांकडून पट्टा घेतला, घड्याळ सोडवून त्याचं एक टोक खांबाच्या कडीला अडकवलं, दुसऱ्या टोकाला शेळीचं दावं बांधलं आणि मिशीवर ताव दिला.

चिमा समोर जाऊन उभी राहिली. तिने ओच्यातून बाभळीच्या वाळलेल्या शेंगा काढल्या आणि खुळखुळ हलवल्या. तो आवाज ऐकून जागेवर थांबणारी शेळी खडकसरात अजून जन्मायची होती! ढवळीने एकच हिसका दिला. कड्कड्कड्! दावं सुटलं, आणि ढवळी शेंगा चघळू लागली.

"तोडला! माझा पट्टा तोडला!"

"तुटला नाही, सरकार. त्याने तोंड उघडलं. आता काय सांगतो ते ऐका." तिने पदरातून भिंग काढून पुढे केलं.

राजेसाहेबांनी खाली पडलेल्या कड्या उचलल्या. ओढाताणीने घड्या उलगडून त्यांचा सपाट पत्रा झाला होता, आणि आतल्या बाजूला पिवळ्यावर काळी अक्षरं होती. राजेसाहेब एकेक कडी वाचू लागले. "शुद्ध... करड... ई ते... खडकस..." ते थबकले. चौथ्या कडीच्या कडेला एक झुबकेदार, वर वळलेली मिशी होती.

"ही कुणाची मिशी?"

शिपाई एकमेकांकडे बघू लागले.

"मी गरिबाची लेक, सरकार," चिमा म्हणाली. "नुसत्या मिशीवरून माणूस कसा ओळखू? एक आरसा मागवा!"

एका शिपायाला खोकला आला. दिवाणजींनी छताकडे पाहिलं. संस्थानच्या तेलघाण्याच्या पिवळ्या डब्यावर राजेसाहेबांचं चित्र असतं, हे खडकसरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"गुलाबराव!" राजेसाहेब ओरडले. "हे डबे कुठून आणलेस?"

गुलाबरावाने पाय धरले. "सरकारच्याच मुदपाकखान्यातून... रिकामे झालेले... तिथल्या लोकांकडून भंगारात घेतले. गावाबाहेरच्या शेडमध्ये कापतो, घड्या घालतो, शिक्का मारतो."

राजेसाहेबांचे ओठ थरथरले. रागाने की कशाने, कुणाला कळेना. "पण पोरी, इतक्या पाहुण्यांना मी हा पट्टा दाखवला! आता त्यांना काय सांगू?"

"खरं तेच सांगा, सरकार! बाकीच्या राजांच्या पट्ट्यावर नुसतं कारखान्याचं नाव असतं. आमच्या पट्ट्यात आख्खा राजा घडी घालून बसवलेला होता!"

राजेसाहेब आधी खूं करून हसले, मग खो खो, मग पोट धरून. हसता हसता आपलं टक्कल पडलेलं मनगट त्यांनी स्वतःच दरबाराला दाखवलं.

गुलाबरावाला हद्दीबाहेर काढलं. जाताना रिकामा डबा त्याच्या डोक्यावर होता. येसबाची पेटी जागची हलली नाही. नव्या भरीव पट्ट्याचं काम त्यालाच मिळालं. वेशीवरच्या मोठ्या घड्याळाची किल्ली चिमाच्या हाती आली आणि तिला वर्षाचं धान्य बांधून दिलं. ढवळीला राजवाड्याच्या बागेत चरायची कायमची परवानगी मिळाली. माळ्याला मात्र ही बातमी कुणीच सांगितली नाही.