अंतर पक्कं, जागा नाही

"जहाज इतकं स्थिर धरलंय, तरी बीकनची जागा का सापडत नाही, बाई?"

शार्दूल हिंदळेकरच्या आवाजात तक्रारीपेक्षा तोराच जास्त होता. भर समुद्रात, लाटा उसळत असताना, संशोधन जहाज खिळा ठोकल्यासारखं एका जागी उभं करणं त्यालाच जमायचं. खलाशी त्याचं कौतुक करत आणि तो ते करू देई.

खाली तळाशी शास्त्रज्ञ केणी बाईंचं भूकंपाच्या नोंदी घेणारं यंत्र होतं. कुणाच्या तरी जाळ्यात अडकून ते मूळ जागेवरून ओढलं गेलं होतं. त्याला बांधलेला बीकन जहाजाच्या ध्वनीला ध्वनीनं उत्तर देई. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळे. बीकनची बॅटरी मात्र संपत आली होती.

सकाळपासून शार्दूल बीकनला ध्वनीच्या हाका देत होता. अंतर पक्कं येई, दिशा मात्र कळत नसे. दोष जहाजाच्या हलण्याचा समजून तो जहाज आणखी स्थिर धरी.

हातातला चहाचा ग्लास बाईंनी नकाशावर ठेवला आणि उचलला. कागदावर ओलं वर्तुळ उमटलं.

"एवढ्या अंतरावर आहे ना? मग यातलं कुठं?"

शार्दूलनं वर्तुळावरून बोट फिरवलं. बीकन त्या रेषेवर कुठंही असू शकत होता...

बाईंनी कप्तानाला जहाज सोडून द्यायला सांगितलं.

"बाई, वाहवत जाईल," शार्दूल म्हणाला.

"जाऊ दे."

जहाज जागेवर धरणारे पंखे थांबले. प्रवाहानं जहाज दक्षिणेकडे ओढलं. शार्दूल बीकनला हाका देत राहिला. हाक... उत्तर... नवं अंतर, नवं वर्तुळ. आधीच्या जागेचं आणि हे, अशी दोन वर्तुळं नकाशावर दोन ठिकाणी छेदली. मग कप्तानानं पंखे सुरू करून सुकाणू वळवलं, जहाज बाजूला गेलं, आणि तिसरं वर्तुळ त्यांतल्या एकाच छेदावरून गेलं.

शार्दूलनं तिथं बोट ठेवलं.

जहाज त्या जागेवर गेलं. यंत्राला वर येण्याचा इशारा पाण्यात सोडला. बऱ्याच वेळानं लाटांमध्ये यंत्राचा केशरी तरंगा दिसला आणि डेकवर एकच आरोळी उठली. खलाशांनी शार्दूलला खांद्यावर घेतलं.

खाली उतरल्यावर तो बाईंपुढे छाती काढून उभा राहिला. म्हणाला, "बाई, जागा मी शोधली."

"तूच शोधलीस," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

मग त्यांनी विचारलं,

"पण... कुठं उभा राहून?"