पेंढ्याची पहिली मूठ

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचे नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात एक सुतार राहत असे. पलीकडच्या आळीत त्याचा थोरला भाऊ राही. तो शेती करी. आईवडील गेल्यापासून दोन्ही घरे नाताळचे जेवण एकत्रच जेवत आली होती. भात एकाच पातेल्यात शिजे, आणि करंज्या सगळे एकाच परातीतून उचलत.

त्या वर्षी पावसाळ्यात भावाच्या बांधावरचा फणस उन्मळून पडला. भावाने बैल जुंपले आणि खोड ओढत सुताराच्या दारात आणून टाकले. ओढा ओलांडताना एका बैलाचा पाय मुरगळला. पण भाऊ एवढेच म्हणाला, "घे. तुला कामाला येईल."

सुताराने त्या लाकडाची घरच्या येशूबाळासाठी गव्हाण केली. तिच्या काठावर द्राक्षवेल कोरली. घासून, तेल पाजून ती अशी चकचकीत केली, की तिच्यात तोंड दिसावे. नाताळच्या चार आठवडे आधी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तो ती आशीर्वादासाठी चर्चमध्ये घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"हे लाकूड देवाने दिले," तो म्हणाला. "हे कसबही देवानेच दिले. त्याचे आभार!"

सगळे "आमेन" म्हणाले. तिसऱ्या बाकावरचा भाऊ तेवढा गप्प बसला.

नाताळच्या आदल्या सकाळी भावाकडून निरोप आला, "यंदा आम्ही आमच्याच घरी जेवू."

सुतार चक्रावला. "मी काय वाकडे केले दादाचे?"

"मला काय विचारता?" बायको करंजी मुरडत म्हणाली. "पाय आहेत ना? जाऊन दादांना विचारा."

"मी कशाला जाऊ? त्याला यायचे नाही, तर न येवो!"

इतक्यात खट्कन आवाज झाला. त्यांच्या लहान मुलीने मातीचे येशूबाळ गव्हाणीत ठेवले होते. ते गुळगुळीत लाकडावरून घसरून एका कोपऱ्यात आपटले होते.

"बाबा, बाळ झोपतच नाही," ती म्हणाली. "आणि लाकूड किती गार आहे!"

"थांब, मखमल अंथरू."

"गव्हाणीत मखमल?" बायको हसली. "गाय काय म्हणेल?"

"पेंढा हवा," मुलगी म्हणाली. "पण पेंढा तर दरवर्षी काकाच आणतात."

 सुताराने गव्हाणीकडे पाहिले. पेंढा भावाचा. मग लाकूड कुणाचे? त्याला ओढ्यातून लंगडत येणारा बैल आठवला. भर चर्चमध्ये आपण देवाचे आभार मानले, आणि ज्याच्या हातून देवाने दिले त्याचे नावही घेतले नाही! त्याने मुलीचे बोट धरले आणि तो निघाला.

भाऊ खळ्यावर पेंढ्या रचत होता.

"दादा, थोडा पेंढा हवा होता."

"का रे? देवाने लाकूड धाडले, मग पेंढा नाही धाडला?"

सुताराची मान खाली गेली. "धाडला होता, दादा. दोन्ही तुझ्याच हातून धाडले. लाकूड तू दिलेस, आणि मी तुझे नाव गिळले. आज आभार मानायला आलोय."

 भावाने गोठ्यातल्या बैलाकडे हनुवटीने खूण केली. "आधी त्याचे आभार मान. ओढले त्याने."

सुतार खळ्यावरची एक पेंढी काखेत मारून गोठ्यात गेला. त्याने बैलाचा पाय चोळला, मानेखाली खाजवले. बैलाने त्याच्या काखेतल्या पेंढीतून खुशाल एक घास ओढून घेतला.

"पावले तुझे आभार!" भाऊ हसला. दारातून वहिनी म्हणाली, "भावजी, आता चूल एकच पेटवायची ना? मी तांदूळ घेऊनच निघते."

त्या दिवशी पेंढ्याची पहिली मूठ भावाने गव्हाणीत अंथरली. येशूबाळ मऊ पेंढ्यावर शांत निजले.

पुढच्या वर्षापासून त्या घराने एक रीत पाळली. आगमनकाळात रोज घरातल्या एकाने कुणाच्या तरी दारी जायचे, त्याने आपल्यासाठी काय केले ते त्याच्या तोंडावर सांगायचे, आणि त्याच्या हातून मूठभर पेंढा मागून आणायचा. कुणी सुईणीकडे गेले, कुणी पाणक्याकडे गेले. मुलगी तर भांडखोर शेजारणीकडेही गेली, कारण तिनेच एकदा तिला विंचवापासून वाचवले होते. नाताळपर्यंत गव्हाण काठोकाठ भरे, आणि जेवायला इतकी माणसे येत की परात पुरत नसे.

बोध : ज्या हातातून देव देतो, त्या हाताचे आभार मानल्याशिवाय देवाचे आभार पुरे होत नाहीत.