पाचवा बोर्ड

“माणूस बदलायचा की मशीन बदलायचं, एवढंच सांगा उस्ताद.”

मुजावर उस्ताद अजून दारात चपला काढत होते. इचलकरंजीत सगळी छपाई हातानं व्हायची, तेव्हापासूनचे ते कारागीर. जाळीवरून रंग कसा ओढायचा हे अभिनंदन मगदूमला त्यांनीच शिकवलं होतं. आता अभिनंदनचा स्वतःचा कारखाना होता, त्यात आठ बोर्डांचं गोल फिरणारं स्वयंचलित मशीन होतं. मशीन अडलं की त्याला गुरू आठवायचे.

“झालंय काय?”

“छपाई एका कोपऱ्यात फिकी उठतेय. चार दिवस झाले. जाळी बदलली, रंग बदलला, पुण्याहून इंजिनिअर आणला. मशीनमध्ये दोष नाही. दोष या बाईत आहे.”

ही बाई म्हणजे मालन कोरवी. अकरा वर्षं ती या कारखान्यात बोर्डांवर कोरे टी-शर्ट चढवत होती. आज तिला नोटीस मिळाली होती. कामात हयगय, उद्यापासून येऊ नये. तिनं त्या कागदाची घडी घालून ती मुठीत धरली होती.

“म्या पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं,” मालन म्हणाली. “एक बोर्ड खाली बसलाय. हाताला कळतंय.”

“तुला काय कळतंय?”

अकरा वर्षं जिच्या हातांवर कारखाना चालला, तिला हे विचारायला त्याची जीभ कशी रेटली कोण जाणे. मला तर हे लिहितानाही संताप येतो.

उस्ताद आत आले. मशीनकडे बघत उभे राहिले...

“चालू कर,” ते शेवटी म्हणाले. “टी-शर्ट मालनबाई चढवतील. निघतील तसे तू खाली मांड. ओळीनं. तू स्वतः.”

मालक वाकून टी-शर्ट मांडू लागला. कुठल्याशा शाळेच्या क्रीडादिनाचे टी-शर्ट होते, छातीवर पिवळा सूर्य. चोवीस झाल्यावर उस्तादांनी हात वर केला. मशीन थांबलं.

“फिके किती?”

“तीन.”

“कितवे?”

अभिनंदननं मोजलं. “पाचवा. तेरावा... एकविसावा.”

“मधलं अंतर?”

“आठ.”

“आणि मशीनला बोर्ड किती?”

त्यानं वळून मशीनकडे पाहिलं.

“बाईचा हात आठ मोजून चुकतो का रे?”

अभिनंदननं मान खाली घातली.

“जाळी बिघडली असती तर सगळेच फिके निघाले असते. एकच बोर्ड बिघडला की त्याची पाळी आली की फिका. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं मी.” उस्तादांचा आवाज चढला होता. “पुण्याहून माणूस आणलास. शेजारी उभ्या असलेल्या बाईचं ऐकायला किती लांब जायचं होतं?”

त्यांनी वीज बंद करायला लावली. खिशातून टॉर्च काढून ते पाचव्या बोर्डाखाली उकिडवे बसले. बोर्ड पेलणाऱ्या लोखंडी दांड्यावर हळदकुंकवाची बोटं होती. बाजूला ताजा पोचा. बोर्डाची पातळी धरणारा बोल्ट सैल झाला होता, आणि त्याच्या आट्यांत नारळाच्या शेंडीचे दोन तंतू अडकले होते.

“खंडेनवमीचा नारळ कुठं फोडलास?”

“पूजा मशीनचीच होती, उस्ताद.”

“कुठं फोडलास?”

“दरवर्षी उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडतो आम्ही. यंदा पाहुणे होते, फोटो काढत होते...” तो अडखळला. “मशीनवर फोडला.”

“एका घावात?”

“नाही.”

“मग?”

“तीन.”

मालननं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते दिसलं नाही.

“ज्या हातानं कुंकू लावलंस त्याच हातानं घाव घातलेस,” उस्ताद म्हणाले. “आणि त्याच हातानं नोटिशीवर सही केलीस.”

अभिनंदनचे कान लाल झाले. त्यानं मालनपुढे हात केला.

“द्या मावशी ती नोटीस. फाडून टाकतो.”

मालननं मूठ उघडली नाही.

“राहू द्या माझ्याकडं,” ती म्हणाली.



मग अभिनंदननं घाईघाईनं भिंतीवरचा पाना काढला आणि तो बोर्डाखाली शिरू लागला. “बोल्ट मीच कसतो. पातळी लावायला पाच मिनिटं लागतील.”

उस्तादांनी त्याचा खांदा धरला आणि टॉर्च त्याच्यापुढे केली.

“पाना त्यांना दे. तू उजेड धर.”