शिकारी गळ आणि करवंटीतलं गांडूळ

फार मागं, लोखंडालाही तोंड होतं आणि ते नको तितकं चालायचं, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याच्या काठी मासे धरायचा गळ करवंटीतल्या गांडुळाला म्हणाला, "चल, टोचून घे. शिकारीला जायचंय."

गांडूळ भ्यालं, पण ते काही खुळं नव्हतं. "गळदादा, शिकारी कोण? तू का मी?"

"मीच की! तू नुसता खाऊ."

"मग वाघ शिकारीला जाताना खाऊ बांधून नेतो का रे?"

गळ तापला. "मला कुणाची गरज नाही! चल, चालतं हो इथनं!" असं म्हणून त्यानं उघड्या अंगानंच पाण्यात उडी टाकली.

एक मरळ मासा जवळ आला. त्यानं गळाला वरखाली न्याहाळलं. "का रे, आज खाऊ नाही?"

"गप्प बस! मी शिकारी आहे!"

"असशील बाबा. खाऊ आला की हाक मार," म्हणत मरळ शेपटी हलवत निघून गेला.

इकडं गांडूळ करवंटीची कड ओलांडून ओल्या मातीत कमरेपर्यंत घुसलंही होतं. गांडुळाला कमर कुठं असते, ते त्याचं त्यालाच ठाऊक.