केशरी विड्याची पिचकारी

दरबारात सत्तावीस माणसं छाती धरून बसली होती, आणि भिंग फक्त तिघांनाच पुरणार होतं!

भिंग साधंसुधं नव्हतं. दूरदेशीच्या व्यापाऱ्याने आणलेलं. छातीवर धरलं की आतलं काळीज दिसायचं! पण तीन माणसं बघितली की दिवसभर धुरकट व्हायचं, आणि व्यापारी संध्याकाळी निघणार होता. हे कळलं मात्र, अर्ध्या गडाच्या छातीत कळा!

राजा रायभान महाहट्टी. म्हणाला, "वैद्यबुवा, तिघं निवडा. नाडी धरायची नाही, दुखतं का विचारायचं नाही. विचारलं की सगळेच विव्हळतात! चुकलात तर गड सोडा."

वैद्यबुवा सत्तावीस जणांची रांग लावून पगडी खाजवू लागले.

"मी निवडते!" पायऱ्या झाडणारी ठकूबाई खराट्यासकट पुढे आली.

"तू? चुकलीस तर तूही गडाखाली!"

"रोज झाडत खालीच जाते की!" ठकूबाई रांगेकडे वळली. "हे खजिनदार. दोन-दोन पायऱ्या गाळून चढतात. घरी पाठवा! हे फडणीस. यांचं दुखतं सोळा पुरणपोळ्या चेपल्यावर. ओवा द्या! सेनापतींचं दुखतं लढाईचं नाव काढलं की!"

दरबार खिदळला. राजा म्हणाला, "मग खरे कोण?"

"चाळिसाव्या पायरीला रोज विड्याची पिचकारी असते. पुराणिकबुवांची! तिथवर आले की छाती दाबून बसतात, थुंकतात, कळ थांबली की उठतात. रोज तीच पायरी! पन्नासाव्या पायरीला कोठीवाले येसाजी, तसेच. घासून घासून माझे हात सोलले, मला नाही कळणार?"

"आणि तिसरा?"

"साठावी पायरी. पिचकारीला केशराचा वास येतो."

सगळ्या माना राजाकडे वळल्या! गडावर केशराचा विडा एकच माणूस खायचा.

"आम्ही पालखीतून फिरतो!" राजा गरजला.

"दिवसा! पहाटे देवीला गुपचूप पायी जाता. ओरडू नका, अंगरखा सोडा!"

राजाने मुकाट्याने अंगरखा सोडला. वैद्यबुवांनी भिंग धरलं. "महाराज, काळजाचं दुखणं आहे, पण वेळेवर सापडलं! औषधाने आटोक्यात येईल." पुराणिकबुवा आणि येसाजींचंही तेच निघालं.

राजा खो खो हसत सुटला.

"हसा, पण बसून!" ठकूबाई खेकसली.

राजाने बसून हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "आणखी काय हवं, बाई?"

"साठाव्या पायरीला एक पिकदाणी!"