लेथच्या बेडचे न झिजलेले टोक

दूरदेशी यंत्रविद्या शिकून एक तरुणी आपल्या गावी परतली, तेव्हा तिला वाटले होते की माणसे मिळणे अवघड जाईल आणि यंत्र सहज मिळेल. घडले ते नेमके उलट. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टर्नरचे काम शिकायला, दहावीनंतर घरी बसलेल्या सहा मुली पहिल्याच आठवड्यात तयार झाल्या. खंडेनवमीला यंत्राची पूजा करून वर्ग सुरू करायचा, असा शब्द तिने त्यांच्या घरच्यांना दिला. एका मुलीच्या वडिलांनी तर स्पष्टच सांगितले, "दसऱ्यापर्यंत थांबतो, ताई. पुढं स्थळं बघायला लागणार."

खंडेनवमी पंधरा दिवसांवर आली, तरी शेड रिकामीच होती.

टर्नरचे, धातू फिरवून कापायचे यंत्र म्हणजे लेथ, आणि नवा लेथ घेणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून शेजारच्या एका वृद्ध फिटरला सोबत घेऊन ती जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे गेली. या वृद्धाने यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात चाळीस वर्षे लेथचे बेड हाताने खरवडून सपाट केले होते. बेड म्हणजे लेथचा लांब पाया. त्यावरून कापणारे हत्यार पुढे-मागे सरकते, आणि तो जितका सरळ, तितके काम सरळ.

व्यापाऱ्याने एक भारदस्त, जुना लेथ दाखवला. वृद्धाने त्याच्या बेडवर पोलादी पट्टी ठेवली आणि खाली वाकून पाहिले. काम धरणाऱ्या चकच्या जवळ पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तिथे बेड झिजून खोल गेला होता.

तरुणीचा चेहरा उतरला. व्यापारी लगबगीने म्हणाला, "ताई, एवढ्या-तेवढ्याला काय घाबरता? तिथं वेल्डिंग मारून भरून देतो. वर रंगाचा हात फिरवला की वरातीत न्यायला झालं यंत्र!"

वृद्धाने पट्टी उचलून बाजूला ठेवली. "जरा हत्यार लावून बघू का?" एवढेच त्याने विचारले.

"लावा की, आजोबा. बिघडायचं काय राहिलंय त्यात!"

वृद्धाने पिशवीतून स्क्रेपर, म्हणजे धातू खरवडायचे हत्यार, काढला. पट्टीला निळा रंग फासून ती बेडवर घासली, म्हणजे उंच जागी रंग लागतो. मग तो चकपासून दूर, बेडच्या पार दुसऱ्या टोकाशी जाऊन बसला आणि तिथला धातू खरवडू लागला.

तरुणीला राहवले नाही. "काका, अहो काय करताय? ते टोक तर उत्तम आहे! कारखान्यात खरवडताना उठलेली मूळ नक्षीसुद्धा शाबूत आहे त्यावर. झीज इकडे आहे, चकपाशी!"

"आजोबांना कुणीतरी चष्मा द्या रे!" व्यापारी हसला.

वृद्धाचा हात थांबला नाही. करडी, पिठासारखी भुकटी पडत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने ती फुंकून उडवली आणि मान वर केली.

"पोरी, झिजून गेलेलं लोखंड परत आणता येत नाही. हे बीड आहे, ओतीव लोखंड. वेल्डिंगची धग लागली तर तडकेल, नाहीतर वाकेल. मग सरळ करायचं कसं? जी जागा उंच राहिलीय, तिनं खाली उतरायचं. मोठ्या मशीनवर घासून आणलंस तरी तेही हेच करील. अख्ख्या बेडची पातळी सगळ्यात खोल जागेवरनं ठरते."

त्याने स्क्रेपर खाली ठेवला. मग त्या नक्षीदार टोकावर बोट ठेवून म्हणाला, "हे टोक तुला उत्तम वाटलं. त्याच्या वाट्याला काम आलं नाही, म्हणून ते असं आहे. आणि जे झिजलंय ते तुला खराब वाटलं. या लेथनं आजवर जे काही घडवलं, ते सगळं तिथंच घडवलं."

तरुणीने हळूच विचारले, "किती दिवस लागतील?"

"रोज बसलं तर तीन महिने. माझा खांदा आता साथ देत नाही. हात दुसऱ्या कुणाचे तरी लागतील."

"पण मी खंडेनवमीचा शब्द दिलाय, काका. उशीर झाला तर त्या मुली परत यायच्या नाहीत."

"तू बेडचं विचारलंस, मी बेडचं सांगितलं. तारखेचं तुझं तू बघ."

घरी येऊन तिने मुलींसाठी तयार केलेली वही उघडली. पहिलाच धडा तीस पानांचा होता. मुली एकेक पायरी चढत आपल्यापर्यंत येतील, असे गृहीत धरून तिने तो लिहिला होता. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. इतकी वर्षे यंत्रे शिकलेल्या त्या हातांवर एकही घट्टा नव्हता. त्या मुलींच्या हातांवर होते. धुण्याचे, दळणाचे, विळ्याचे. त्या हातांना काही येत नाही असे मानूनच तिने शिकवायला घेतले होते. तिने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यापाऱ्याकडे गेली आणि तोच लेथ, वेल्डिंग न मारता, रंग न देता, आहे तसा मागवला. तिथून ती एकेका मुलीच्या घरी गेली. वर्ग खंडेनवमीला नव्हे, परवापासूनच सुरू होईल, असे तिने सांगितले. यंत्र अजून चालणार नाही, पहिले तीन महिने ते हाताने सरळ करायचे आहे. शिकवायला शेजारचे काका असतील, आणि शिकणाऱ्या सहा नव्हे, तिला धरून सात जणी असतील.